तद्भव इंजिन

2022 सालच्या गुढीपाडव्याची संध्याकाळ आमच्या शेलूबाजारात अनेकांना आठवत असेल. दिवेलागणीनंतर आकाशातून ठिणग्यांची एक लांब रांग सावकाश सरकत गेली. चौकातल्या चहाच्या टपरीवरची माणसे कप हातात धरूनच रस्त्यावर आली. कोणी म्हणाले उल्का, कोणी म्हणाले विमान पेटले, एका आजोबांनी तर हात जोडले. दुसऱ्या दिवशी कळले की चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावी धातूचे एक भले मोठे कडे पडले. ते 2021 साली उडालेल्या एका चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असे पुढे अभ्यासकांनी सांगितले. आमच्या काकांचे बाजारात पाण्याच्या इंजिनांच्या दुरुस्तीचे दुकान आहे. त्यांनी बातमी वाचली आणि एवढेच विचारले, "कोनाचं इंजिन होतं थे?"

हा प्रश्न मला तेव्हा विनोदी वाटला होता. पुढच्या वर्षी, 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 चंद्रावर उतरले आणि महाविद्यालयात त्या निमित्ताने वादविवाद झाला, तेव्हा तो मला पुन्हा आठवला. एका वक्त्याने टेबलावर मूठ आपटून सांगितले की यातला प्रत्येक खिळा स्वदेशी आहे. आपल्याला कोणाकडून काही घ्यावे लागले नाही, आणि विमानविद्या तर आपल्याकडे पुराणकाळापासून होतीच. टाळ्या पडल्या. दुसरा वक्ता उठला. त्याने कुठेतरी वाचले होते की ज्या अग्निबाणाने चांद्रयान नेले त्याच्या पोटातले इंजिन मुळात फ्रेंचांचे आहे. "म्हणजे नक्कलच ना!" असे म्हणून त्याने हात झटकले. त्यालाही टाळ्या पडल्या. मी श्रोत्यांत होतो. बोलावेसे फार वाटत होते, पण बोललो नाही. तेव्हा नीट सुचले नव्हते. जे सुचायला हवे होते ते आता लिहितो. संपादक मंडळाने जागा दिली आहे आणि इथे घंटा वाजवणारा कोणी नाही.

आधी वस्तुस्थिती पाहू. त्या इंजिनाचे नाव 'विकास'. चांद्रयान-3 नेणाऱ्या एलव्हीएम-3 या अग्निबाणाच्या मधल्या द्रव-इंधन टप्प्यात अशी दोन इंजिने असतात. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात एक असते. जीएसएलव्हीत पाच: चार बाजूंच्या जोड-अग्निबाणांत प्रत्येकी एक आणि दुसऱ्या टप्प्यात एक. आपल्या देशाने अवकाशात जी मोठी कामे केली, त्यांतली बहुतेक या एका घराण्याच्या जोरावर केली. विक्रम अंबालाल साराभाई या नावातली अक्षरे घेऊन 'विकास' हे नाव झाले असे सांगतात. 1971 साली साराभाई गेले. त्यांनी हे इंजिन पाहिले नाही.

दुसरा वक्ता म्हणाला ते अर्धे खरे आहे. विकासचा पूर्वज 'व्हायकिंग' हे फ्रेंच इंजिन. पॅरिसच्या वायव्येला सीन नदीकाठी व्हर्नाँ नावाचे गाव आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सने अग्निबाणांची प्रयोगशाळा काढली आणि कामाला माणसे आणली ती जर्मनीतून, पराभूत जर्मनांच्या व्ही-2 अग्निबाणावर काम केलेली. त्यांच्यात कार्ल-हाइन्त्स ब्रिंगर नावाचा अभियंता होता. तिथे वेरोनिक, वेक्सँ, व्हालवा अशी एकामागून एक इंजिने झाली आणि शेवटी व्हायकिंग. सगळ्यांची नावे 'व्ही'पासून, कारण गाव व्हर्नाँ. आपल्याकडे घराण्याला गावाचे नाव असते, किराण्याचे, ग्वाल्हेरचे. त्यातलाच हा प्रकार.

म्हणजे फ्रेंचांचे इंजिन तरी कुठे निव्वळ फ्रेंच होते? त्याच्या आज्याचे गाव जर्मनीत. आणि तो आजा काही सज्जन नव्हता. व्ही-2 तयार करण्यासाठी नाझींनी छळछावणीतल्या कैद्यांना डोंगराच्या पोटातल्या कारखान्यात राबवले आणि त्यांतले हजारो मेले. वंशावळ काढायला बसले की असे पूर्वजही निघतात. 'आम्ही फ्रेंचांकडून घेतले' हे लपवणारा आणि 'फ्रेंचांचेच आहे' असे हिणवणारा, दोघांनाही वाटते की ज्ञानाला एकच बाप असतो. तसे ते नसते, आणि काही वेळा कोण कोणाच्या रक्ताघामावर उभे आहे हे विचारण्याचीही सोय राहत नाही.

आता हे इंजिन आपल्याकडे आले कसे? इथे दोन्ही वक्ते गप्प होते, आणि सगळ्यांत रसाळ भाग तर इथेच आहे. 1974 साली इस्रो आणि 'एसईपी' ही फ्रेंच कंपनी यांच्यात करार झाला. नंबी नारायणन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय अभियंते फ्रान्सला गेले. देण्याघेण्याचा व्यवहार पैशांचा नव्हता. आपल्या माणसांनी तिथे शंभर मनुष्यवर्षे भरतील इतके काम करायचे, त्यांच्या व्हायकिंगच्या घडणीला हातभार लावायचा, आणि बदल्यात ते ज्ञान घेऊन यायचे.

शेतकऱ्याच्या घरच्या मुलाला याचे वेगळे स्पष्टीकरण नको. ही सावड आहे. तुझ्या वावरात मी राबतो, माझ्या वावरात तू राब. ज्याच्याकडे बैलजोडी नाही त्याने अंगमेहनतीने फेड करायची. सावडीतून आलेल्या पिकाला कोणी उसने पीक म्हणत नाही. आमचे काका इंजिनाचे काम शिकले ते असेच. अकोल्याला एका उस्तादाकडे तीन वर्षे बिनपगारी राहिले, झाडलोट केली, पाने पुसून दिले, आणि एक दिवस उस्ताद म्हणाले, आता तू खोल. आज काकांच्या हाताला कोणी उस्तादाची नक्कल म्हणत नाही. शंभर मनुष्यवर्षे राबलेल्या अभियंत्यांना मात्र आपण एका शब्दात नकलाकार ठरवून मोकळे होतो.

आम्ही कला शाखेची मुले. व्याकरणाच्या तासाला आम्हाला शब्दांचे प्रकार शिकवतात: तत्सम, तद्भव, देशी, परभाषी. 'अग्नि' हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा घेतला तर तो तत्सम. तोच लोकांच्या तोंडात शतकानुशतके झिजून, वळून 'आग' झाला की तद्भव. 'आग' हा 'अग्नि'चा अपभ्रंश म्हणून कोणी तिला चुलीबाहेर काढत नाही. उलट स्वयंपाक तिच्यावरच होतो. मला वाटते व्हायकिंग आणि विकास यांचे नाते हेच आहे. कागदावरचे आराखडे तत्सम होते. पण आराखडा म्हणजे इंजिन नव्हे. धातू इथला हवा, सांधकाम इथल्या हातांचे हवे, झडपा इथे तपासायला हव्यात. फ्रेंच अभियंत्याला जे सवयीने माहीत होते आणि म्हणून त्याने कागदावर लिहिलेच नव्हते, तेही कोणाला तरी कळायला हवे. या सगळ्यात अकरा वर्षे गेली. 1985 साली पहिले विकास इंजिन चाचणीसाठी तयार झाले तेव्हा ते पेटवून पाहण्याची सोय आपल्याकडे नव्हती. ते व्हर्नाँलाच नेले आणि तिथे पेटवले. सासुरवाशीण पहिल्या खेपेला माहेरी जाते, तसे म्हणा हवे तर. चाचणी यशस्वी झाली. पुढे तमिळनाडूत महेंद्रगिरीला आपली चाचणीची जागा उभी राहिली.

आणि हे इंजिन घडते कुठे? बऱ्याच विद्यार्थ्यांना माहीत नसेल, पण मुंबईत विक्रोळीला, गोदरेजच्या कारखान्यात. ज्या नावाचे कपाट आपल्या आज्यांच्या लग्नात आले आणि ज्या नावाचे कुलूप अजून कित्येकांच्या दाराला आहे, त्याच नावाच्या आवारात चंद्राकडे जाणारी इंजिने जोडली जातात. अग्निबाणाच्या घन इंधनाच्या टप्प्याची कवचे इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला होतात. घन इंधनाचे घराणे निराळे. त्यात पुण्याच्या वसंत गोवारीकरांचे नाव मोठे आहे. त्याविषयी कोणीतरी स्वतंत्र लिहावे. मी इथे द्रव इंधनाच्या वाटेवरच राहतो.

त्या वादविवादानंतर मी काकांना मोबाइलवर विकासच्या चाचणीची चित्रफीत दाखवली. जाळ, धूर, गर्जना. काका मुळीच प्रभावित झाले नाहीत. म्हणाले, "आग तं चुलीतबी असते. पंप कसा हाय थे दाखव." मला लाज वाटली, कारण पंपाचे मी काही वाचलेच नव्हते. वाचल्यावर कळले की काकांचा प्रश्न अचूक होता. या इंजिनाचा खरा जीव पंपात आहे. दोन टाक्यांत दोन द्रव असतात. एक इंधन, हायड्राझिन जातीचे; दुसरे नायट्रोजन टेट्रॉक्साइड. दोघे एकमेकांना भेटताक्षणी पेट घेतात, ठिणगी लागत नाही. दोन्ही जहरी आहेत, हेही सांगायला हवे. पण ते भेटवायचे कसे? सेकंदाला सुमारे पाव टन द्रव ज्वलनकक्षात लोटावा लागतो, आणि तोही आत जो प्रचंड दाब आहे त्याच्याविरुद्ध. त्यासाठी मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेणारा पंप लागतो. तो फिरवायला वीज नाही. इंजिन आपल्याच इंधनातला थोडासा भाग वेगळ्या लहान कक्षात जाळते, त्या वायूने चक्र फिरते आणि चक्र पंपाला फिरवते. तो वायू फार तापू नये म्हणून त्यात पाणी सोडतात. होय, साधे पाणी, त्यासाठी वेगळी टाकी असते. हे सांगितल्यावर मात्र काकांनी मोबाइल जवळ ओढला. "म्हंजे आपल्याच कमाईवर चालते," म्हणाले.

त्या पाण्याची एक गोष्ट आहे. युरोपच्या एरियान अग्निबाणांना व्हायकिंग इंजिने असत, आणि घराणे तसे मोठे विश्वासू. 22 फेब्रुवारी 1990 ला दोन जपानी उपग्रह घेऊन एरियान-4 उडाला. पहिल्या टप्प्यातल्या एका इंजिनाचा जोर कमी पडला, अग्निबाण कलला आणि आकाशातच फुटला. अवशेष गोळा करून चौकशी केली तेव्हा कारण सापडले: एका इंजिनाच्या पाण्याच्या नळीत कापडाचा तुकडा राहून गेला होता. चिंधी! जोडणी करताना कोणीतरी नळीत खुपसलेली असेल आणि काढायची विसरली असेल. आपल्याकडे चिंधीची एकच थोर कथा सांगतात, कृष्णाच्या बोटाला द्रौपदीने बांधलेल्या चिंधीची. ही तिच्या अगदी उलट. काकांनी ती ऐकली आणि ताबडतोब पोऱ्याला हाक मारून दुकानातल्या पुसायच्या फडक्यांना एक खुंटी ठरवून दिली.

आपल्याकडेही तसे झाले आहे. 10 जुलै 2006 ला जीएसएलव्ही इन्सॅट-4सी घेऊन उडाला आणि मिनिटाभरात नष्ट झाला. बाजूच्या चार विकासपैकी एकाचा जोर गेला होता. चौकशीत दिसले की एका नियंत्रक भागात घडणीच्या वेळी चूक राहिली होती आणि ती तपासणीत कोणाच्या ध्यानात आली नव्हती. फ्रेंचांची चिंधी आणि आपला नियंत्रक! पहिल्या वक्त्याने हे सांगितले नाही. स्वदेशीचा अभिमान बाळगायचा तर ही चूकही स्वदेशी होती हे मान्य करावे लागते. माझ्या मते विकास खऱ्या अर्थाने आपले झाले ते अशाच दिवशी, कारण त्या दिवशी व्हर्नाँला विचारायला जाण्याची सोय नव्हती. चूक आपली, शोधायची आपणच, आणि दुरुस्तही आपणच करायची.

बैलगाडीच्या छायाचित्राविषयी थोडे विषयांतर करतो. 1981 सालचे 'अॅपल' उपग्रहाचे ते चित्र सगळ्यांनी पाहिले असेल: बैलगाडीवर ठेवलेला भारताचा उपग्रह. कोणी ते आपल्या दारिद्र्याची थट्टा म्हणून दाखवतो, कोणी साधेपणाचा गौरव म्हणून. खरी गोष्ट अशी की उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी करायची होती आणि धातूच्या वाहनामुळे लहरींना अडथळा झाला असता. लाकडाची गाडी हे त्या अडचणीवरचे शहाणपणाचे उत्तर होते. आमच्या बाजारात अजूनही एखाद-दुसरी बैलगाडी येते. तिला असा मान मिळालेला पाहून बरे वाटते. पण सहसा न सांगितला जाणारा भाग पुढे आहे. तो अॅपल 19 जून 1981 ला अवकाशात गेला तो एरियानच्या तिसऱ्या उड्डाणात, व्हायकिंग इंजिनांवर. आधीचे, 1980 सालचे दुसरे उड्डाण एका व्हायकिंगमधले ज्वलन बिघडल्याने फसले होते. त्यानंतर इंधन आत शिंपडणाऱ्या भागात सुधारणा झाल्या, आणि त्या सुधारलेल्या इंजिनांवर पहिल्यांदा बसलेल्यांत आपला उपग्रह होता. विकास अजून व्हायचे होते. त्याच्या थोरल्या भावाच्या खांद्यावर बसून आपण गेलो.

थोरल्या भावाचे पुढे काय झाले? 2003 सालच्या फेब्रुवारीत शेवटचा एरियान-4 उडाला आणि व्हायकिंगचे काम संपले. युरोप दुसऱ्या इंजिनांकडे वळला. आज हे घराणे जिवंत आहे ते महेंद्रगिरीला आणि विक्रोळीला. भाषेतही असे होते. मूळ शब्द बोलण्यातून जातो, कोशात उरतो, आणि त्याचा तद्भव बाजारात भाव करत फिरतो.

माझी ही उपमा सगळीकडे लागू पडत नाही हे मला कळते. शब्द आपोआप बदलतात. इंजिन आपोआप बदलत नाही. शब्दाच्या बदलासाठी कोणाला तुरुंगात जावे लागत नाही.

हे वाक्य मी मुद्दाम लिहिले आहे. पीएसएलव्हीचे पहिले उड्डाण 20 सप्टेंबर 1993 ला फसले. विकासने आपले काम केले होते, दोष दुसरीकडे होता. दुसरे उड्डाण 15 ऑक्टोबर 1994 ला यशस्वी झाले. शंभर मनुष्यवर्षांच्या सावडीचे पीक वीस वर्षांनी घरात आले. आणि त्यानंतर सात आठवडेही झाले नाहीत तोच, 30 नोव्हेंबर 1994 ला, नंबी नारायणन यांना हेरगिरीच्या आरोपाखाली केरळमध्ये अटक झाली. अग्निबाणाची गुपिते परदेशाला विकली म्हणे. 1996 साली केंद्रीय अन्वेषण विभागाने आरोपांत तथ्य नसल्याचे सांगितले, 1998 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण संपवले, आणि 14 सप्टेंबर 2018 ला त्याच न्यायालयाने ती अटक अनावश्यक होती असे म्हणून पन्नास लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. 2019 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. 1994 ते 2018 म्हणजे चोवीस वर्षे. इंजिन आणायला, घडवायला आणि उडवायला लागली त्यापेक्षा चार अधिक.

हा विषय कला शाखेच्या अंकात का, असे विचारणाऱ्या मित्रांना (आणि एका प्राध्यापकांना, त्यांचा राग नाही) माझे उत्तर इथे आहे. पंपाची चूक अभियंते शोधून काढतात. त्यासाठी चौकशी समिती बसते, अवशेष वेचले जातात, चिंधीसुद्धा सापडते. पण एका शास्त्रज्ञाला देशद्रोही म्हणणारा मथळा छापला गेला आणि लाखो वाचकांनी तो चहाबरोबर गिळला, ती चूक कोणी शोधायची? तो मथळा लिहिणारा, वाचणारा, त्यावर पारावर बोलणारा, हे सगळे भाषेचे व्यवहार आहेत. म्हणजे आमच्या खात्यातले. 'स्वदेशी' आणि 'नक्कल' हे दोन शब्द टाळ्यांसाठी वापरणारे आमचे दोन वक्ते आणि 1994 सालचे मथळे लिहिणारे यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. यंत्र कसे चालते याची माहिती नसलेल्या समाजात यंत्राविषयीच्या शब्दांना फार ताकद येते. चांद्रयानाच्या दिवशी मी गप्प बसलो तो याच समाजाचा एक भाग म्हणून. मलाही पंपाचे ठाऊक नव्हते.

मराठीत एक गमतीचा शब्द आहे: व्युत्पन्न. एखादा शब्द दुसऱ्यापासून निघाला तर तो व्युत्पन्न. आणि ज्याने पुष्कळ अध्ययन केले आहे तो पंडितही व्युत्पन्न. एकाच शब्दात 'दुसऱ्यापासून आलेला' आणि 'विद्वान' हे दोन्ही अर्थ बसतात आणि आपल्या पूर्वजांना त्यात काही विसंगती वाटली नाही. ज्यांना विकासला 'फ्रेंच इंजिनापासून निघालेले' म्हणून कमी लेखायचे आहे त्यांनी हा शब्द कोशात पाहावा. ज्यांना निघालेलेच नाही असे म्हणायचे आहे त्यांनीही पाहावा.

विकासही फार दिवस राहील असे नाही. एलव्हीएम-3 मधली त्याची जागा घेण्यासाठी केरोसिन आणि द्रवरूप ऑक्सिजन यांवर चालणारे नवे इंजिन विकसित केले जात आहे. जहरी इंधनापेक्षा ते बरे, आणि जोरही अधिक. पण तोवर म्हातारा स्वस्थ बसलेला नाही. माणसांना नेणाऱ्या गगनयान मोहिमेसाठी 14 जुलै 2021 ला विकास महेंद्रगिरीला सलग 240 सेकंद चालवले गेले. आणि 17 जानेवारी 2025 ला एक वेगळीच चाचणी झाली: 60 सेकंद चालवले, बंद केले, 120 सेकंद थांबले, आणि पुन्हा चालू करून 7 सेकंद चालवले. हे इंजिन एकदा विझले की संपले, अशा हिशेबाने आजवर वापरलेले. आता ते पुन्हा पेटू शकते.

ही बातमी मी दुकानात वाचून दाखवली. काका एका जुन्या इंजिनाचे हेड उघडून बसले होते, हात तेलाने माखलेले. त्यांनी आकडे पुन्हा वाचायला लावले. मग फडक्याला हात पुसले, फडके खुंटीला नीट अडकवले आणि म्हणाले, "पुन्हा चालू केलं तं हँडल कोनं मारलं?"

मी वाचून सांगतो म्हणालो. अजून वाचतो आहे.